स्पर्शावाचून चालणारी कळ

आपल्या सभासद बंधूंपैकी कित्येकांच्या डाळ-मिली, तेलाच्या गिरण्या किंवा पॅकिंगची यंत्रे आहेत. कित्येकजण या यंत्रांना लागणाऱ्या सामानाचा व्यापार करतात. या दोन्ही वर्गांच्या हाताखालून नित्य जाणारी, परंतु जिची फारशी विचारपूस होत नाही अशी एक लहानशी वस्तू आहे. अंगठ्याएवढी पितळी नळी, तिच्यावर बाहेरून आटे, एका टोकास वायर आणि दुसऱ्या टोकास प्लॅस्टिकचे सपाट तोंड, असे तिचे रूप. मिस्त्री तिला ‘प्रॉक्सी’ म्हणतात. बिलावर ‘प्रॉक्सिमिटी स्विच’ असे लिहिले जाते. जवळ आलेल्या वस्तूची दखल तिला न शिवता घेणारी कळ, असा त्या नावाचा अर्थ होय. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले, त्याला एका मिलमध्ये घडलेला प्रकार कारण झाला. तो पुढे येईलच.

पूर्वी हे काम लिमिट स्विचकडे असे, व पुष्कळ ठिकाणी अजूनही आहे. यंत्राचा हलणारा भाग त्याच्या दांड्यावर येऊन आदळतो आणि आतील संपर्क जुळतात किंवा सुटतात. काम चोख, परंतु रोज हजारो वेळा आदळणारी वस्तू झिजणारच, आणि संपर्क सुटताना ठिणगीही पडणार. रसायनांच्या कारखान्यात, जेथे हवेतच ज्वालाग्राही वाफ असते, तेथे ती ठिणगी घातक. जर्मनीतील बीएएसएफ या रसायन-कारखान्याला हीच अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून मानहाइम येथील पेपर्ल उंड फुक्स या संस्थेत वाल्टर पेपर्ल व विल्फ्रीड गेल यांनी १९५८ साली बिनस्पर्शाची कळ तयार केली. आज सर्वाधिक वापरात असलेली ‘इंडक्टिव्ह’ प्रॉक्सी ती हीच.

तिच्या तोंडाच्या आत फेराइटच्या गाभ्यावर तारेचे वेटोळे असते. त्यातून अतिशय जलद गतीने दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह खेळता ठेवलेला असतो, आणि त्यामुळे तोंडासमोर थोड्या अंतरापर्यंत चुंबकीय क्षेत्र पसरते. या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्याच्या अंगात लहान लहान भोवऱ्यांसारखे प्रवाह फिरू लागतात. त्यांना लागणारी शक्ती ते वेटोळ्याकडूनच घेतात. झोपाळ्यावर बसलेल्या मुलाने पाय जमिनीला घासला की झोका जसा मंदावतो, तद्वत् वेटोळ्यातील आंदोलन मंदावते. आतील मंडल हा फरक ओळखते आणि बाहेर इशारा देते. म्हणजे ही कळ समोरची वस्तू ‘पाहत’ नाही. स्वतःच्या आंदोलनात पडलेला फरक तेवढा तिला समजतो. ही गोष्ट नीट ध्यानात आली की पुढील बहुतेक घोटाळे टळतात.

धातूवाचून दुसरे काहीच हिला कळत नाही. धान्य, भुसा, लाकूड यांची तिला खबरही नसते, म्हणून धुळीच्या जागी ती निर्वेध चालते. मात्र सगळे धातू तिला सारखे नाहीत. १८ मिलिमीटर व्यासाच्या, लोखंडात तोंडापर्यंत बसवता येणाऱ्या कळेचे अंतर सामान्यतः ५ मिलिमीटर, तर ३० मिलिमीटर व्यासाच्या कळेचे १० मिलिमीटर दिलेले असते. हा आकडा १ मिलिमीटर जाडीची साधी पोलादी पट्टी समोर धरून काढलेला असतो. स्टेनलेस पोलादाला हे अंतर सुमारे पाऊणपट होते. पितळ, अॅल्युमिनियम व तांबे यांना सुमारे निम्मे किंवा त्याहूनही कमी.

आता तो प्रकार. डाळ-मिलमध्ये धान्य वर चढविणारा एलिव्हेटर असतो. त्याच्या खालच्या पुलीच्या शाफ्टवर एक बोल्ट आणि त्यासमोर प्रॉक्सी बसवितात. दर फेऱ्याला बोल्ट समोरून जातो व एक इशारा मिळतो. इशारे मंदावले तर पट्टा घसरतो आहे असे समजून मोटार बंद पडते. हे आवश्यकच आहे. कारण पट्टा अडकला आणि वरची पुली फिरतच राहिली, तर घर्षणाने पट्टा तापून पेटतो आणि भोवतालची बारीक धूळ आगीला साथ देते.

आमच्या परिचयाच्या एका मिलमध्ये हा लोखंडी बोल्ट तुटला. मिस्त्रीने त्याच मापाचा पितळी बोल्ट लावला. फट ४ मिलिमीटरची, कळ ५ मिलिमीटरची. पण पितळासाठी तिची दृष्टी जेमतेम अडीच मिलिमीटरची. यंत्र सुरू होताच बंद पडू लागले. मालकांनी नवी कळ नेली, मग आणखी एक नेली. ती आमच्याच दुकानातून नेली, आणि समोर कोणत्या धातूचा बोल्ट आहे हे आम्ही दोन्ही वेळा विचारले नाही, हे येथे सांगितले पाहिजे. हंगामाचे दिवस, दारात मालाचे ट्रक उभे. अखेर वायरमनने जोड देऊन तो इशाराच बाजूस सारला व यंत्र सुरू केले. काही आठवड्यांनी ओलसर मालाने एलिव्हेटरचे तळ चोंदले, पट्टा थांबला, वरची पुली फिरत राहिली. वरच्या मजल्यावरील कामगाराला जळका वास आला म्हणून मोटार वेळीच बंद झाली. पट्टा गेला, माणसे वाचली. दोष मात्र सर्वांनी प्रॉक्सीलाच दिला!

धान्य हॉपरमध्ये कोठवर भरले हे जाणण्यास दुसरी जात लागते, ती ‘कपॅसिटिव्ह’. हिच्या तोंडाशी विद्युत्भार साठविणारी पट्टी असते; समोर कोणताही पदार्थ आला की भार साठविण्याची तिची क्षमता वाढते. हवेचा हा गुण १ धरला तर पाण्याचा सुमारे ८० भरतो. धान्य यांच्या दरम्यान, पण हवेच्या बाजूस. त्यामुळे ओला माल तिला दुरून कळतो, कोरडा जवळून, आणि तोंडावर ओलसर धुळीचा थर बसला तर हॉपर रिकामा असूनही ती ‘भरला’ म्हणते. मागील बारीक स्क्रूने तिची संवेदना आपल्या मालावरच जुळवून घ्यावी व तोंड पुसत जावे. प्लॅस्टिकच्या टाकीतून तिला आतले कळते. पत्र्याच्या हॉपरला मात्र भोक पाडावे लागते.

तिसरी चुंबकावर चालणारी. काचेच्या नळीत दोन पातळ पाती असतात व लोहचुंबक जवळ येताच ती एकमेकांस चिकटतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एलवुड यांनी १९३६ साली ही ‘रीड’ कळ शोधली. पॅकिंग यंत्रातील हवेच्या सिलिंडरवर ती किंवा तिची इलेक्ट्रॉनिक बहीण आढळते. आतल्या दट्ट्याला चुंबक असतो व मधली अॅल्युमिनियमची भिंत त्याला आड येत नाही. प्रकाशाच्या व ध्वनीच्या कळा हा निराळाच विषय आहे.

कळ मागताना व्यास, अंतर आणि समोरचा पदार्थ यांबरोबर पीएनपी की एनपीएन हेही सांगावे. तीन तारांच्या कळेत तपकिरी तार धन, निळी ऋण आणि काळी इशाऱ्याची. पीएनपी कळ काळ्या तारेवर धन बाजू देते, एनपीएन तीच तार ऋण बाजूस जोडते. दिसण्यात दोन्ही एक, आणि एकीच्या जागी दुसरी सहसा चालत नाही. धुळीच्या स्फोटाचा धोका असेल तेथे त्यासाठी प्रमाणित केलेलीच कळ घ्यावी. कामगाराचा हात वाचविण्याचे काम साध्या प्रॉक्सीवर सोपवू नये. त्याची उपकरणे वेगळी आहेत.

आणि कळ बिघडली असे वाटले, तर यंत्राची मोटार बंद करून, फक्त कळेचा पुरवठा चालू ठेवून, इंडक्टिव्ह कळेच्या तोंडाशी लोखंडी पाना धरावा. बहुतेक कळांच्या मागील बाजूस बारीक दिवा असतो. पाना आणताच तो बदलला, म्हणजे लागला किंवा विझला, तर कळ बहुधा ठीक आहे. नवी आणण्यापूर्वी समोरचा बोल्ट, फट व वायरी तपासाव्यात.