पान दिसते, पण ऐकू येते का?

एक साधा प्रयोग करून पाहा. आजच्या वर्तमानपत्राचे पहिले पान समोर धरा आणि दूरध्वनीवरून ते आपल्या मित्राला सांगा. केवळ बातम्या नव्हेत, तर सारे पान: मोठा मथळा कोणता, चौकट कोठे आहे, छायाचित्रात काय आहे, जाहिरात कोठे संपते आणि बातमी कोठे सुरू होते. दोन मिनिटांतच आपली दमछाक होईल. डोळा एका दृष्टिक्षेपात जे टिपतो, ते कानाला एकामागून एक असे पुरवावे लागते. पानाला लांबी आणि रुंदी अशा दोन मिती असतात. आवाजाला मात्र एकच मिती आहे आणि ती म्हणजे काळ.

दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर एखादे संकेतस्थळ उघडते, तेव्हा तिच्यापुढे नेमका हाच प्रश्न असतो. तिच्या मदतीला ‘स्क्रीन रीडर’ नावाची आज्ञावली असते. ती पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६ साली सुरू केलेली ‘एनव्हीडीए’ ही अशीच आज्ञावली असून ती विनामूल्य मिळते व मराठीही वाचते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ही आज्ञावली पडद्याकडे ‘पाहत’ नाही. पडद्यावरच्या चित्रामागे पानाची जी संहिता दडलेली असते, ती वाचते. संहितेत एखाद्या ओळीवर ‘हे शीर्षक आहे’ अशी खूण असेल, तर ऐकणाऱ्याला एक कळ दाबून एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकावर उडी मारता येते. आपण डोळ्यांनी पान चाळतो, तसाच हा प्रकार. पण पान बनवणाराने खूण न करता नुसतीच अक्षरे मोठी व ठळक केली असतील, तर डोळ्याला ते शीर्षक दिसते आणि आज्ञावलीला ती इतर ओळींसारखीच एक ओळ वाटते. मग पन्नास ओळी ऐकल्यावाचून एकावन्नावी गाठता येत नाही.

या ‘दिसणे’ आणि ‘असणे’ यांतल्या फरकाचे उदाहरण आपल्या मराठीतच आहे. ‘कृतिदेव’ या जुन्या टंकात ‘कमल’ हा शब्द उमटवायचा, तर कळफलकावर डी, ई आणि वाय या तीन रोमन कळा दाबाव्या लागतात. संगणक साठवतो ती रोमन अक्षरेच. टंक त्यांच्यावर फक्त देवनागरीचा पोशाख चढवतो. डोळ्याला ‘कमल’ दिसते, पण आज्ञावली पोशाख पाहत नाही. ती वाचते ‘डे’! साऱ्या परिपत्रकाची अशी गत झाली, तर ऐकणाऱ्याच्या पदरी काय पडेल, याची कल्पना करा. याउलट, १९९१ साली आलेल्या ‘युनिकोड’ या पद्धतीत प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५. तो क्रमांक म्हणजे ‘क’च, टंक कोणताही वापरा. कागदाचे छायाचित्र काढून ते संकेतस्थळावर टाकणे हा तर याहून वाईट प्रकार. त्यात अक्षरे नसतातच, असतात ते फक्त काळेपांढरे ठिपके.

मग यावर कोणी काही नियम केले नाहीत काय? केले आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये विश्वव्यापी जालाची कल्पना मांडली आणि दहाच वर्षांनी, १९९९ मध्ये, अपंग व्यक्तींना पाने वापरता यावीत म्हणून पहिली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे निघाली. त्यांची दुसरी आवृत्ती २००८ सालची. त्यात २०१८ आणि २०२३ मध्ये भर पडली. दुसऱ्या आवृत्तीचा आग्रह असा की, प्रत्येक नियम तपासता यावा आणि उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे स्पष्ट यावे. हा आग्रह शास्त्राच्या विद्यार्थ्याला आवडेल असाच आहे. त्यातला एक नियम तर सरळ आपल्या प्रकाशाच्या धड्यातला आहे, म्हणून तो थोडा विस्ताराने पाहू.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या तेजात पुरेसा फरक हवा. तो मोजायचा कसा? शुद्ध पांढऱ्याचे तेज १ धरा, काळ्याचे ०. पडद्यावरचा पांढरा हा तांबडा, हिरवा आणि निळा यांचा बनतो, पण डोळा तिघांना सारखा मान देत नाही. पांढऱ्याच्या तेजात तांबड्याचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा अवघा ०.०७२२. आता उजळ रंगाच्या तेजात ०.०५ मिळवा, गडद रंगाच्या तेजातही ०.०५ मिळवा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. काळ्या-पांढऱ्यासाठी १.०५ भागिले ०.०५, म्हणजे २१ येतात. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी हे गुणोत्तर निदान ४.५ असावे, असा नियम आहे. पांढऱ्यावर शुद्ध निळी अक्षरे असतील तर सुमारे ८.६, शुद्ध तांबडी असतील तर सुमारे ४, आणि हिरवी असतील तर जेमतेम १.३७. (पिवळ्याचे गुणोत्तर आपणच काढा, उत्तर पाहून हसू येईल.)

ही ४.५ संख्या आली कोठून? निरोगी दृष्टीला ३ हे गुणोत्तर पुरते, असे पूर्वीचे एक मानक होते. दृष्टी ६/१२ पर्यंत मंदावली, म्हणजे साधारणपणे ८० वर्षांच्या आजीआजोबांची असते तशी झाली, की दीडपट फरक लागतो. तीनाची दीडपट साडेचार. आणि तो ०.०५ कशासाठी? पडदा काळा असला, तरी खोलीतला थोडा उजेड त्यावरून परावर्तित होतोच. त्याची ती तजवीज आहे.

येथे थोडे थांबून विचार करू. समजा, भ्रमणध्वनी घेऊन आपण भर दुपारी मैदानात उभे आहोत. परावर्तित प्रकाश ०.०५ न राहता १ झाला. मग काळ्या-पांढऱ्याचे गुणोत्तर (१ + १) भागिले (० + १), म्हणजे फक्त २! आपले डोळे तेच, अक्षरेही तीच. तरी आपण क्षणात मंददृष्टी झालो. उणीव माणसात असते की माणूस आणि पान यांच्या जुळणीत, हा प्रश्न भौतिकशास्त्रही विचारू शकते, तो असा.

पण नियमांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पडद्यावरच्या करड्या रंगाच्या ० ते २५५ अशा पायऱ्या असतात. पांढऱ्यावर ११८ क्रमांकाचा करडा वापरला, तर गुणोत्तर ४.५४ येते, म्हणजे उत्तीर्ण. ११९ वापरला तर ४.४८, म्हणजे अनुत्तीर्ण. या दोन करड्यांतला फरक कोणत्या डोळ्याला कळणार? शिवाय या सूत्रात अक्षर गडद आणि पार्श्वभूमी उजळ असो वा उलट असो, उत्तर एकच येते. डोळ्याचा अनुभव मात्र तसा नाही. अक्षराची रेघ बारीक आहे की जाड, याचाही सूत्राला फारसा पत्ता नसतो. म्हणून अधिक चांगल्या सूत्राचा शोध चालू आहे.

मोजणीतल्या या उणिवा मला फारशा गंभीर वाटत नाहीत, त्या सुधारतील. खरी अडचण वेगळी आहे. यादीतल्या सर्व रकान्यांत बरोबरच्या खुणा झाल्या, की काम झाले असे मानण्याची सवय लागते. चित्राला शब्दांत वर्णन जोडावे, असा एक नियम आहे. भौतिकशास्त्राच्या पानावर वेग-काल आलेख आहे आणि त्याला वर्णन जोडले आहे ‘आलेख’. तपासणीचे यंत्र खूष! दृष्टिहीन विद्यार्थ्याला मात्र काहीच मिळाले नाही. तेथे हवे होते, ‘वेग ५ सेकंदांत शून्यापासून सेकंदाला २० मीटरपर्यंत सरळ रेषेत वाढतो’. एवढ्यावरून तो त्वरण काढू शकला असता. वर्णन आहे की नाही, हे यंत्र सांगते. ते उपयोगाचे आहे की नाही, हे विषय जाणणारा माणूसच सांगू शकतो.

आमच्या महाविद्यालयातील एक दृष्टिहीन विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत होता. मी शेजारी बसलो होतो. पानावरचा प्रत्येक रकाना आज्ञावली व्यवस्थित वाचत होती. परंतु अर्ध्या तासाने संकेतस्थळाने ‘वेळ संपली’ म्हणून त्याला बाहेर काढले आणि भरलेले सारे पुसले गेले. डोळस मुलाला जो अर्ज वीस मिनिटांत जमतो, त्याला कानाने चाळीस लागतात. वेळ वाढवून मागण्याची सोय असावी, असे २००८ च्या तत्त्वांत स्पष्ट आहे. ती ठेवण्याचे कोणाला सुचले नाही, कारण बनवताना तो अर्ज कानाने भरून पाहणारा कोणी तेथे नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने सगळी माहिती आधी एका वेगळ्या पानावर लिहून ठेवली, एकेक उतरवली आणि अठ्ठाविसाव्या मिनिटाला अर्ज पाठवला.

अशीच एक बाब आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. बँकेत खाते उघडताना ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करावी लागे. आम्लहल्ल्यात पापण्या गमावलेल्या स्त्रियांनी ती कशी करावी? ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, अशा सेवांपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ‘जिवंत माणूस समोर आहे’ हे ठरवण्याचे अन्य मार्गही ठेवले पाहिजेत. उघडझापेची अट घालणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. सर्वांना पापण्या असतात, एवढेच त्यांनी गृहीत धरले होते.

पान तयार झाल्यावर वरून एखादे ठिगळ लावून ते सर्वांसाठी सुलभ होईल, अशी जाहिरात करणाऱ्या कंपन्याही आहेत. अशाच एका कंपनीला दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरावयास लावले. इमारत बांधून झाल्यावर उतार कोठे काढावा याची शोधाशोध करण्यापेक्षा आराखड्यातच उतार दाखवलेला बरा. तेव्हा नियम हवेतच, पण त्यांच्या जोडीला वेगळी परीक्षा हवी: पान आखतानाच दृष्टिहीन, कर्णबधिर, हात न चालणारी अशी माणसे बोलावावीत, त्यांना एक पुरे काम सांगावे आणि ते शेवटास जाते का, ते पाहावे.

ही परीक्षा आपणही घेऊ शकता. बहुतेक अँड्रॉइड भ्रमणध्वनींत ‘टॉकबॅक’ नावाची वाचक आज्ञावली असते. ती सुरू करण्यापूर्वी बंद कशी करायची, हे शिकून घ्या. नाहीतर पंचाईत होईल. मग डोळ्यांवर रुमाल बांधून आपल्या शाळेचे किंवा मंडळाचे संकेतस्थळ उघडा आणि एकच गोष्ट शोधा: वेळापत्रक. शेजारच्या मित्राने घड्याळ लावावे व आपण जेथे जेथे अडलात, त्या जागा वहीत टिपाव्यात. संगणक असेल, तर माउस बाजूला ठेवून केवळ ‘टॅब’ आणि ‘एंटर’ या कळांनी तोच शोध पुन्हा करा. अडलेल्या जागांची यादी गुरुजींकडे द्या. संकेतस्थळ कोण सांभाळते, हे त्यांना बहुधा ठाऊक असेल.