एकाच वाडीच्या दोन याद्या

गुहागर तालुक्यातल्या हेदवीच्या दशभुजा गणपतीचं दर्शन घेऊन लोक समुद्रकाठच्या बामणघळीकडे वळतात. याच किनाऱ्यावर एके काळी शेजाऱ्यांची नावं धर्म पाहून वेगवेगळ्या मतदार याद्यांत जात, हे त्यांना ऐकूनही माहीत नसतं.

याची मोठी बोलणी काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात झाली ती 1916 साली, लखनौला. मुंबई इलाख्यात निवडून येणाऱ्या हिंदी सभासदांपैकी एक तृतीयांश मुसलमान, तेही स्वतंत्र मतदारसंघांतून, असं ठरलं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी आपल्याच माणसांचा रोष पत्करून हा करार पुढे रेटला. पुढे 1919 च्या सुधारणांत खेड्यात मतदार व्हायला बहुतेक जिल्ह्यांत 32 रुपयांचा सारा लागे, रत्नागिरीत 16. कोकणातल्या कातळावरच्या तुकड्यांना 32 कुठले जमायला?

दुसरी बैठक येरवड्याच्या तुरुंगातली. दलितांच्या स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध गांधीजींचं उपोषण चालू, आणि आंबेडकर जागा मोजून घेत होते. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्यात दलितांना देशभर 71 जागा होत्या, तिथे झालेल्या पुणे करारात त्या 148 झाल्या. मुंबई इलाख्याच्या वाट्याला 15. बदल्यात स्वतंत्र मतदारसंघ गेला. 24 सप्टेंबर 1932 ला सह्या झाल्यावर राजगोपालाचारींनी आनंदाच्या भरात आंबेडकरांशी फाउंटन पेन बदलून घेतलं.

1937 च्या मुंबई विधानसभेत 175 जागा होत्या. सर्वसाधारण 114, त्यांतच दलितांच्या 15 आणि मराठ्यांच्या 7 राखीव. मुसलमानांच्या 29, हिंदी ख्रिश्चनांच्या 3. सर्वसाधारण मतदारसंघात जागा जितक्या, मतं तितकी. ती सगळी एकाच उमेदवाराला टाकता येत. थोड्यांचं बळ एकवटावं म्हणून आंबेडकरांना हीच पद्धत हवी होती.

लेबनॉनमध्ये धर्मपंथांप्रमाणे जागांची वाटणी आजही आहे. तिथल्या शूफ जिल्ह्यात आठ जागा: तीन मारोनी, दोन सुन्नी, दोन द्रूझ, एक ग्रीक कॅथलिक. पण तिथे सगळे मिळून सगळ्यांना निवडतात. आपल्याकडे मुसलमानाची यादीच निराळी होती.

आणि मला खरं दुःख आहे ते इथेच. कोकणात गावाचा सारा वसूल करणारे खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते, आणि कुळंही सर्व जातिधर्मांची. खोताला द्यायची धान्याची फसकी आणि फुकटची वेठ सगळ्याच कुळांच्या पाठीवर. पण खोत आणि त्याच्याच धर्माचं कूळ एका यादीत, तर तेच सोसणारा शेजारचा कुळवाडी दुसऱ्या यादीत! दुखणं एक असलेल्यांना एकाच माणसाला निवडण्याची सोयच नव्हती.

तरीही रत्नागिरीने 1937 ला कमाल केली. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे अनंतराव चित्रे आणि शामराव परुळेकर निवडून आले. एक कायस्थ प्रभू, एक ब्राह्मण. 17 सप्टेंबर 1937 ला आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, आणि जानेवारी 1938 मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. विधेयक मात्र मंजूर झालंच नाही.

मे 1949 मध्ये घटना समितीने धर्मावरच्या राखीव जागा सोडून दिल्या. सरदार पटेलांच्या समितीत मुसलमान सभासद बेगम एजाझ रसूल यांनीच त्या नकोत असं सांगितलं होतं. खोती निर्मूलनाचा कायदाही 1949 चाच, अमलात आला 1950 मध्ये. पुढच्या निवडणुकीला गुहागरकडच्या कुळांची नावं एकाच यादीत लागली, आणि मत टाकायला साऱ्याची अट उरली नव्हती.