विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरे

जमीन कोणाची, या प्रश्नाचे पहिले उत्तर महाराष्ट्रात सातबारा देतो. या उत्तरावर किती विसंबायचे तेही कायद्याने तोलून सांगितले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातली नोंद आणि फेरफार नोंदवहीतली प्रमाणित नोंद खरी समजायची. पण विरुद्ध काही सिद्ध होईपर्यंत, किंवा तिच्या जागी कायदेशीर रीतीने दुसरी नोंद येईपर्यंतच. नोंद खरी आहे असे कायदा म्हणत नाही, ती खरी धरून चाला म्हणतो. गावोगावची भांडणे, बँकांची कर्जे, मुलींची हक्कसोडपत्रे आणि दिवाणी न्यायालयांतले पिढ्यान्‌पिढ्यांचे दावे या दोन म्हणण्यांमधल्या फटीतून निघतात.

सोलापूरच्या आग्नेयेला, दक्षिण सोलापूर तालुक्यातले होटगी हे ती फट पाहायला चांगले गाव आहे. लोहमार्गाचे हे जंक्शन. एक रूळ वाडी-रायचूरकडे जातो, दुसरा विजयपूर-गदगकडे. लोकांच्या तोंडी मराठी आणि कन्नड दोन्ही. वीरशैव परंपरेतल्या होटगी मठामुळे गावाचे नाव सीमेपलीकडेही माहीत आहे. परिसरात रब्बी ज्वारीची काळी रानेही आहेत, तलावही आणि सिमेंटचा कारखानाही. शहर होटगी रस्त्याने इकडेच सरकत आले आहे. रूळ, कारखाना, तलाव, प्लॉट यांतले काहीही आले की जमिनीचे कागद बदलावे लागतात. ते वेळेवर बदलतातच असे नाही. भूसंपादन होऊन गेले, तरी क्षेत्रातला बदल दाखवणाऱ्या कमी-जास्त पत्रकाचा अंमल उताऱ्यावर न आल्याने जुनेच क्षेत्र आणि जुनेच नाव वर्षानुवर्षे दिसत राहते, हा राज्यभरचा अनुभव आहे.

इथली माती मुळातच एका जागी स्थिर राहणारी नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन ही काळी तयार झाली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. चैत्र-वैशाखात रानाला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात त्या मिटतात. या फुगण्या-आटण्यात पुरलेला दगड तिरपा होतो, वर येतो किंवा दिसेनासा होतो. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे पिकाची भिस्त पडणाऱ्या पावसापेक्षा मातीने धरून ठेवलेल्या ओलीवर जास्त. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी ज्वारी याच ओलीवर येते. म्हणून रान किती एकर यापेक्षा काळी किती खोल, हे शेतकऱ्याला अधिक महत्त्वाचे वाटते.

कागद येण्यापूर्वी जमिनीचे खरे-खोटे दगडावर आणि माणसांवर सोपवलेले असे. शिलाहार-यादव काळातल्या दानाच्या शिळांवर चंद्र-सूर्य कोरत, म्हणजे ते असेपर्यंत दान चालावे. काही शिळांवर दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी असे. हे गद्धेगाळ कोकणात आणि देशावर ठिकठिकाणी सापडतात. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जाणारा शके ९४० चा शिलालेख दक्षिण सोलापूर तालुक्यातच, भीमा-सीनेच्या संगमावरच्या हत्तरसंग कुडल इथे आहे. पण दगड वाचणारे थोडे आणि सरकवणारे पुष्कळ. म्हणून मराठेशाहीत वाद गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारच्या गावचे जाणते साक्ष देत, निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटलाने नांगराची निशाणी करायची, बाकीच्यांनी आपापल्या धंद्याची. पुरावाच नसेल तर दिव्य: उकळत्या तेलातून धातूचा रवा बाहेर काढायचा आणि मग हात भाजला की नाही ते पाहायचे.

दोन गावांच्या शिवेचा वाद उठला की शेवटचा शब्द बहुधा महाराचा असे. शीव कुठून जाते हे तो चालून दाखवी आणि त्याची चाल प्रमाण मानली जाई. ज्याच्याजवळ गावात सर्वांत कमी जमीन, त्याच्याच तोंडून सगळ्या गावाची हद्द ठरे. याचा मोबदला म्हणजे महार वतन: तुटपुंजी जमीन आणि न संपणारी वेठ. ते रद्द व्हावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्षात कनिष्ठ गाव वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा. शिवेचे ज्ञान तोवर नकाशांत गेले होते, आणि ते सांभाळणाऱ्यांचे नाव नकाशावर कुठे आले नाही.

नकाशे आले ते इंग्रजांच्या महसुलाच्या गरजेतून. प्रिंगल या अधिकाऱ्याची पहिली मोजणी फसली. त्यानंतर १८३५ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिची पद्धत पक्की झाली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. मोजणीनंतर मातीची प्रतवारी होई. खोल, निर्दोष काळी सोळा आण्यांची. जसजशी माती उथळ किंवा चुनखडीची, उताराची, पाणथळ, तसतसे आणे उतरत. सर्व्हे नंबरच्या कोपऱ्यांवर दगड पुरले, बांधांना निशाण्या दिल्या, साऱ्याचा आकार तीस वर्षांसाठी ठरला. अनिश्चित पावसाच्या या मुलखात जमिनीला ठरावीक किंमत चिकटवण्याचा हा उद्योग धाडसाचा होता. तो इतका टिकला की शेतकरी अजूनही हेक्टर-आरच्या उताऱ्यासमोर बसून मनात गुंठ्यांचाच हिशेब करतो.

त्या मोजणीचा प्रश्न मात्र जमीन कोणाची हा नव्हता. सारा कोणाकडून घ्यायचा एवढेच तिला हवे होते. हक्कांची नोंद मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली आणि आजच्या सातबाऱ्याचे मूळ तिथे आहे. नमुना सात हा अधिकार अभिलेख: गट क्रमांक, भूधारणा, भोगवटादार, क्षेत्र, पोटखराबा, आकार, इतर हक्क. नमुना बारा पिकांचा. फेरफार नमुना सहाच्या नोंदवहीत पडतो. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. उताऱ्यावर जुने नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. त्यामुळे जाणकार माणूस सातबारा कंसांपासून वाचतो: कोण होते, कोणत्या फेरफाराने गेले. उतारे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीने मिळू लागले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाइलवर पिकाची नोंद करतो. नोंदणारा बदलला, कलम १५७ मधला 'होईपर्यंत' मात्र जागेवरच आहे.

फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) आणि बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग (१९९७) या निकालांत स्पष्ट केले. महसुली नोंद सारा वसूल करण्यापुरती. दुय्यम निबंधकाकडचे खरेदीखतही १९०८ च्या कायद्याने फक्त नोंदलेला दस्त असतो, विकणाऱ्याच्या हक्काची हमी नसते. मालकीचा अंतिम निर्णय दिवाणी न्यायालयाचा. तिथे मुदत कायदा काळालाही साक्षीला उभे करतो: मालकाच्या हक्काला झुगारून उघडपणे बारा वर्षे कब्जा चालला, तर मालकाचा परत मागण्याचा दावाच मुदतबाह्य होतो.

कधी एखादी तारीखच जमिनीचे खरे बदलते. १९४८ च्या कूळ कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारे कूळ खरेदीदार मानले गेले. आदल्या दिवशीचा खंडकरी दुसऱ्या दिवशी मालक. पण कूळ सिद्ध कशाने व्हायचे, तर पीकपाहणीच्या नोंदीने. ज्यांचे नाव त्या रकान्यात कधी लागलेच नव्हते, त्यांचे कसणे शिवाराने पाहिले आणि कागदाने नाही. बायकांचे कसणे तर शिवाराने पाहूनही नाव लागले नाही. पतीने आपल्या हयातीत पत्नीचे नाव लावावे म्हणून १९९२ ची लक्ष्मीमुक्ती योजना आली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायादाचा हक्क मिळाला. तरी वारसनोंदीला लागलेली बहिणींची नावे हक्कसोडपत्राने कमी होण्याची रीत सरसकट चालते. ती सही राजीखुशीची असते, असेही कायद्याला विरुद्ध सिद्ध होईपर्यंत धरून चालावे लागते.

रोजचे भांडण मात्र मालकीचे नसते, बांधाचे असते. शेजारी दर नांगरटीला नांगराच्या एका तासाएवढा बांध कोरतो, दहा वर्षांत बांध पायवाटेएवढा उरतो. मग मोजणी आणायची. भूमी अभिलेख कार्यालयात फी भरायची, हद्द कायम करायचा अर्ज द्यायचा, लगतदारांना नोटिसा जातात. भूकरमापक पूर्वी फलकयंत्र घेऊन येई, आता उपग्रहाशी जोडलेला रोव्हर आणतो. आकडा सेंटिमीटरपर्यंत बरोबर निघतो, पण तो जुळवायचा साखळीने काढलेल्या टिपणाशी. १९४७ च्या कायद्याखालच्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले तेव्हा कागदावर एक तुकडा आणि वहिवाट दुसऱ्याच तुकड्यावर, असे घोळ अनेक गावांत राहून गेले. पोटहिस्से भावाभावांत तोंडी वाटले गेले, नकाशावर आलेच नाहीत. यंत्र जितके अचूक, तितका हा घोळ अधिक ठसठशीत दिसतो. मोजणी मान्य नसेल तर निमताना म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, तीही नसेल तर सुपर निमताना, आणि त्यानंतर कोर्ट.

यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे हमीची मालकी. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ मध्ये रॉबर्ट टॉरेन्स यांनी आणलेल्या पद्धतीत सरकारी नोंदवही हाच मालकीचा निर्णायक पुरावा असतो आणि चुकीमुळे नुकसान झालेल्याला भरपाई मिळते. भारतात २००८ चा भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम याच दिशेने निघाला. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनींपुरता कायदा केला. सीमेपलीकडे कर्नाटकाने २००० च्या सुमारास 'भूमी' प्रकल्पात उतारे संगणकावर आणले, तेही गृहीतकाच्याच पायावर. हमी द्यायची तर आधी प्रत्येक गटाचा वाद मिटवावा लागेल आणि चुकीचे पैसे सरकारला मोजावे लागतील. या दुसऱ्या अटीशी अडखळणे समजण्यासारखे आहे.

एवढा सगळा खटाटोप शेतजमिनीचा. माणसे राहतात त्या गावठाणाला सातबाराच नसतो. सारा मिळत नाही म्हणून जुन्या मोजणीने गावठाणाभोवती एक रेघ मारली आणि आतली घरे, बोळ, परडी तशीच सोडली. पुढे काही मोठ्या गावांची गावठाण मोजणी झाली. बाकीच्यांकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, तो घरपट्टीचा, मालकीचा नाही. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत प्रायोगिक ड्रोन मोजणी झाली आणि एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. आदल्या दिवशी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात, ड्रोन वरून छायाचित्रे घेतो, मग घरोघरी चौकशी होऊन मिळकत पत्रिका आणि सनद तयार होते. छप्पर ड्रोनला दिसते. सामाईक भिंत कोणाची, परड्यातून वाट आहे की नाही, थोरल्याने बांधलेल्या खोलीत धाकट्याचा वाटा किती, हे चौकशी अधिकाऱ्याला दोन्ही शेजाऱ्यांना समोर बसवूनच विचारावे लागते.