गोळी पोटात अडते तेव्हा

अर्धशिशी उठली की माझं पोट आधी संपावर जातं. गोळी घेतली तरी जठरातच रेंगाळते, नाहीतर उलटीतून बाहेर. सासूबाई कपाळाला सुंठ उगाळून लावतात. बरं वाटतं, पण ठणका जात नाही. मग डॉक्टरांनी सुमाट्रिप्टानचा नाकात मारायचा फवारा दिला. एका नाकपुडीत एकदाच, २० मिलिग्रॅम. जोरात ओढायचं नाही, नाहीतर औषध थेट घशात. तसंही कारल्याला लाजवेल असा कडूपणा मागाहून उतरतोच.

औषधाचा काही भाग नाकाच्या आतल्या नाजूक अस्तरातून सरळ रक्तात जातो. चेहऱ्या-डोक्याच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूवरच्या सेरोटोनिनच्या ग्राहींवर ते काम करतं: सीजीआरपी हे वेदना भडकवणारं द्रव्य सुटू देत नाही, शिवाय फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळतं. हे आवळणंच हृदयविकार असलेल्यांना घातक, म्हणून त्यांना ते देत नाहीत. अमेरिकेत २०२३मध्ये मंजूर झालेला झॅवेजेपॅन्टचा फवारा मात्र सीजीआरपीचा ग्राहीच अडवतो, रक्तवाहिन्या आवळत नाही.

माझ्या मते खरी मेख वेळेत आहे. दुखणं हलकं असतानाच फवारा मारावा, पण ऊठसूट नको. दर महिन्याला १० किंवा जास्त दिवस सुमाट्रिप्टानसारखं ट्रिप्टान घेत राहिलं, तर औषधापायीच डोकं दुखायला लागतं.