शाळेंतील लॅपटॉप आणि विद्यार्थ्याची जबाबदारी

हडपसर म्हटलें कीं जुन्या पुणेकरांस शेतमळे आठवतात. त्याच शेतांच्या जागीं आज मगरपट्ट्याच्या संगणक-कचेऱ्या उभ्या आहेत. तेथें काम करणारा गृहस्थ आपला पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, शेजारच्या सहकाऱ्यासहि सांगत नाहीं. पण त्याचाच मुलगा लॅपटॉप घेऊन शाळेंत गेला आणि तेथें साऱ्या वर्गाला मिळून एकच पासवर्ड असला, तर काय होईल?

समजा, एखाद्या शिक्षकाच्या नांवें कोणीं तरी खोटा ई-मेल धाडला. शाळेच्या नोंदींत यंत्राचा जाळ्यावरील क्रमांक आणि वेळ सांपडेल. पण हा क्रमांक बहुधा सकाळीं एका यंत्राला, तर दुपारीं दुसऱ्याला मिळतो. यंत्राची स्वतःची खूणहि बदलतां येते. मग संशय नेहमींच्या खोडकर मुलावर जातो, आणि कदाचित् निरपराध्यास शिक्षा होते. हजेरीपटावर सबंध वर्गाची मिळून एकच सही घ्यावी, तसा हा प्रकार होय.

उपाय अवघड नाहीं. प्रत्येक विद्यार्थ्यास स्वतंत्र नांव आणि स्वतंत्र पासवर्ड द्यावा. शिक्षकांचें व परीक्षांचें काम निराळ्या जाळ्यावर ठेवावें. नोंद किती दिवस ठेवावी? भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षा संस्थेनें २०२२ सालीं कंपन्यांना व सरकारी कचेऱ्यांना १८० दिवसांची मुदत घालून दिली. शाळांनाहि तें प्रमाण डोळ्यांपुढें ठेवतां येईल. मात्र मुदत सरतांच नोंद पुसली पाहिजे.

कारण नोंद ठेवणें वेगळें आणि पाळत ठेवणें वेगळें. अमेरिकेंत पेनसिल्व्हेनियांतील लोअर मेरियन येथें शाळांनीं मुलांना लॅपटॉप दिले होते. हरवलेलें यंत्र सांपडावें म्हणून त्याचा कॅमेरा दुरून चालविण्याची सोय होती. त्या सोयीनें मुलांचीं घरांतील छायाचित्रेंहि टिपलीं गेलीं. २०१० सालीं हें उघडकीस आलें, आणि त्याच वर्षीं शाळामंडळास ६,१०,००० डॉलरांची तडजोड करावी लागली. आपल्याकडेहि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानें अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीस विशेष संरक्षण दिलें आहे.

तेव्हां वर्षारंभींच शाळेनें पालकांना लेखी कळवावें: काय नोंदलें जातें, तें कोण पाहूं शकतें, केव्हां पुसलें जातें, आणि घरीं शाळेची नजर पोहोंचत नाहीं ना. आपणहि मुलांना एवढें सांगावें कीं, मित्राला पासवर्ड देणें हें औदार्य नव्हे. ती कोऱ्या कागदावर केलेली सही आहे.