व्हिडिओ गेमच्या वर्गणी सेवा आणि ग्राहकहित : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना :

वाचनालयाची मासिक वर्गणी भरावी आणि हवी ती पुस्तके घरी नेऊन वाचावीत, ही पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे. व्हिडिओ गेमच्या व्यवसायातही अशीच पद्धत आता रूढ झाली आहे. प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे विकत न घेता दरमहा ठरावीक रक्कम भरून मोठ्या संग्रहातील कोणताही खेळ खेळण्याची मुभा मिळविणे, असे या सेवांचे स्वरूप होय. ही व्यवस्था ग्राहकाच्या हिताची आहे काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात प्रामुख्याने मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या 'एक्सबॉक्स गेम पास' या सेवेच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी :

ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. अमेरिकेत १९९४ ते १९९८ या काळात 'सेगा चॅनेल' ही सेवा केबलद्वारे मासिक वर्गणीवर खेळ पुरवीत असे. मात्र या पद्धतीला व्यापक रूप आले ते 'गेम पास'मुळे. जून २०१७ मध्ये ही सेवा दरमहा ९.९९ डॉलर वर्गणी आणि शंभराहून अधिक खेळ यांसह सुरू झाली. आपले नवे खेळ प्रकाशनाच्या दिवशीच या संग्रहात देण्याचे धोरण कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले. फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने वर्गणीदारांची संख्या ३ कोटी ४० लाख असल्याचे सांगितले. ॲपल कंपनीने २०१९ मध्ये 'ॲपल आर्केड' ही सेवा सुरू केली, तर सोनी कंपनीने २०२२ मध्ये आपल्या 'प्लेस्टेशन प्लस' सेवेची तीन स्तरांत फेररचना केली.

ग्राहकास होणारे लाभ :

डिजिटल वस्तूची आणखी एक प्रत पुरविण्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा अनेक वस्तू एकत्रित विकल्यास ग्राहकांच्या आवडीनिवडींतील तफावत सरासरीत विरून जाते आणि एका किमतीत पुष्कळांची गरज भागते, हे बाकोस आणि ब्रिन्जॉल्फसन या अर्थशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये दाखवून दिले. एखाद्यास फुटबॉलचा खेळ आवडतो, दुसऱ्यास कोड्यांचा. दोघेही एकाच वर्गणीत समाधानी होतात. ७० डॉलर मोजून घेतलेला खेळ नावडला, तर ती रक्कम वाया जाते. वर्गणीदारास ही जोखीम नसते. त्यामुळे अल्पपरिचित निर्मात्यांचे खेळही तो निःसंकोचपणे हाताळून पाहतो.

मर्यादा आणि धोके :

पहिली मर्यादा दरवाढीची. 'गेम पास अल्टिमेट' या सर्वांत वरच्या स्तराची वर्गणी २०१९ मध्ये दरमहा १४.९९ डॉलर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती २९.९९ डॉलर करण्यात आली. २०१९ मधील वार्षिक वर्गणी ५९.९९ डॉलरच्या तीन नव्या खेळांच्या किमतीएवढी, अवघे काही सेंट कमी, होती. ऑक्टोबर २०२५ च्या दराने ६९.९९ डॉलरचे पाच खेळ येतात. या काळात संग्रह वाढला हे खरे; परंतु वर्षाकाठी दोन-तीनच खेळ खेळणाऱ्या ग्राहकास त्या वाढीचा उपयोग नाही.

दुसरी मर्यादा मालकीची. परवान्याची मुदत संपलेले खेळ संग्रहातून वेळोवेळी काढले जातात. अर्धवट राहिलेला खेळ पूर्ण करावयाचा तर तो विकत घ्यावा लागतो. वर्गणी थांबताच सारा संग्रह बंद होतो. वर्षानुवर्षे पैसे भरूनही ग्राहकाच्या हाती काही उरत नाही.

तिसरी मर्यादा मानवी स्वभावातील आहे. डेलाविन्या आणि माल्मेंडियर यांनी २००६ मध्ये अमेरिकेतील व्यायामशाळांच्या सभासदांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका भेटीस १० डॉलर या दराने प्रवेश उपलब्ध असताना मासिक सभासदांना प्रत्येक भेट सरासरी १७ डॉलरहून महाग पडत होती. आपण पुष्कळ वापर करू, हा अंदाज चुकतो आणि वर्गणी मात्र आपोआप वजा होत राहते. खेळांच्या वर्गणीसही हे तत्त्व लागू पडते.

कायदेशीर संरक्षण :

ब्रिटनच्या स्पर्धा आणि बाजारपेठ प्राधिकरणाने केलेल्या चौकशीनंतर मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये काही हमी दिल्या. दीर्घकाळ सेवा न वापरणाऱ्या वर्गणीदारास वर्गणी थांबविण्याचा मार्ग कळविणे आणि त्यानंतरही वापर न झाल्यास पैसे घेणे बंद करणे, ही त्यांतील महत्त्वाची तरतूद होय. भारतात रिझर्व्ह बँकेच्या १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, कार्डावरून आपोआप रक्कम वजा होण्यापूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकास सूचना द्यावी लागते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीच्या सापळ्याचा अनुचित पद्धतींत स्पष्ट समावेश आहे. या तरतुदी स्वागतार्ह असल्या, तरी दोहोंतील फरक लक्षणीय आहे. भारतीय नियम रक्कम वजा होण्याची सूचना देतो. ब्रिटनमधील हमी सेवेचा वापर होतो की नाही, हेही पाहते. ज्या घरांत पालकांच्या कार्डावरून मुलांच्या खेळांची वर्गणी जाते, तेथे हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

निष्कर्ष :

वर्गणी सेवा स्वभावतः हितकारक किंवा अहितकारक नाहीत. विविध खेळ वारंवार खेळणाऱ्यास त्या लाभदायक ठरतात. एकाच खेळात रमणाऱ्यास किंवा क्वचित खेळणाऱ्यास त्या महाग पडतात. वार्षिक वर्गणीस वर्षभरात प्रत्यक्ष खेळलेल्या खेळांच्या संख्येने भागून येणारी रक्कम त्या खेळांच्या सरासरी विक्रीकिमतीशी ताडून पाहणे, ही ग्राहकासाठी सोपी कसोटी आहे. मात्र ही तुलना शक्य राहण्यासाठी खेळ स्वतंत्रपणे विकत घेण्याचा पर्याय बाजारात टिकून राहणे आवश्यक आहे. वाचनालय असूनही पुस्तकांचे दुकान लागतेच. दुकान नाहीसे झाले, तर वर्गणीचा दर ठरविण्याचा अधिकार केवळ विक्रेत्याकडे राहील.