तोंडातली चामखीळ : टेस्ट कुठे करायची?
(लेखमाला : ओळख तोंडाच्या आजारांची, लेखांक ७)

मागच्या आठवड्यात गुटख्याने तोंड उघडेनासं का होतं, ते पाहिलं. आजचा आजार बहुधा निरुपद्रवी असतो, पण धसका मात्र मोठा देतो. टाळूवर, जिभेवर किंवा ओठाच्या आत फुलकोबीच्या तुऱ्यासारखा बारीक कोंब उगवतो. दुखत नाही, पण जिभेला सारखा लागत राहतो. डॉक्टर म्हणतात, 'एचपीव्ही या विषाणूमुळे आलेली चामखीळ वाटते.' मग आपल्या मलकापुरातल्या लॅबमध्ये विचारणा सुरू होते : एचपीव्हीची टेस्ट होते का? रक्त द्यावं लागतं का?

रक्त तपासून याचं निदान होत नाही. गुळणीच्या पाण्यात विषाणू शोधता येतो, पण धडधाकट माणसाच्या तोंडातही तो सापडतो आणि बहुतेकांच्या शरीरातून आपोआप निघून जातो. तेव्हा पॉझिटिव्ह रिपोर्ट हाती आला, तरी तो कोंब कसला आहे हे कळत नाहीच.

घोळ होतो तो नावामुळे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही टेस्ट खरोखर मोलाची आहे, आणि त्याचा मोठा पुरावा आपल्याच राज्यातला. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. आयुष्यात एकदाच केलेल्या या टेस्टमुळे त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाला. तोंडासाठी तशी चाळणी-चाचणी अजून नाही.

मग मलकापुरात शोधायचं काय? तोंडात बोट घालून कोंबाचं बूड कडक आहे का हे चाचपणारा, मानेतल्या गाठी बघणारा दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ. लहान कोंब जागा बधिर करून बुडासकट काढतात. उपचारही होतो आणि तपासणीसाठी तुकडाही मिळतो. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती कृपा करून मनातून काढून टाका. तिच्यापायी लोक महिनोन्‌महिने थांबतात, याचं फार वाईट वाटतं.

पुढच्या तपासणीसाठी प्रवास करायचा तो तुकड्याने, तुम्ही नव्हे. तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो, साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवला तर खराब होतो. बाटलीवर नाव, तारीख आणि तोंडातली नेमकी जागा लिहिली आहे ना, हे स्वतः वाचून बघा. अकोला आणि जळगावची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आणि नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय ही तिन्ही मलकापूरच्याच रेल्वेमार्गावर आहेत. साधी चामखीळ निघाली, तर विषाणूचा प्रकार शोधण्यावर पैसे घालवायची गरज नसते. अंगावर किंवा तोंडात एकदम बऱ्याच उगवल्या असतील, तर मात्र एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते.

टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला, तर गोष्ट बदलते. तिथे त्याच तुकड्यावर पी-१६ ही तपासणी करतात, कारण एचपीव्हीमुळे झालेला घशाचा कॅन्सर उपचारांना चांगला प्रतिसाद देतो. त्यासाठी पुन्हा तुकडा काढावा लागतोच असं नाही. पहिला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपलेला असतो. रिपोर्टसोबत तो ब्लॉकही मागून घ्या. मुंबई-नागपूरला मोठे डॉक्टर आधी तोच विचारतात.

(पुढील आठवड्यात : तोंडातले पांढरे चट्टे)